संवर्धन नियोजनाचे अभ्यास एका ठरावीक साच्यात लिहायला हवेत का?

पाणथळ

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं प्रकरण लिहिते आहे आणि अडकले आहे. गोड्या पाण्यातल्या अधिवासांसाठी प्राधान्यक्षेत्रं ठरवणारे जे अभ्यास छापून आलेत, ते एकत्र करून कुठल्या प्रकारच्या जागा पुन्हा पुन्हा वर येतात ते बघायचं, असा बेत होता. त्यासाठी एक मोठी शीट आखली. नियोजन एककाचा (प्रदेशाचे जे तुकडे पाडतात त्यातल्या एकाचा) आकार, प्रजाती किती, टार्गेट (प्रत्येक प्रजातीच्या अधिवासाचा किती भाग राखायचा) किती आणि कशावरून, खर्च काय धरला, आधीची संरक्षित क्षेत्रं लॉक केली होती का (म्हणजे ती निवडीत असलीच पाहिजेत असं आधीच ठरवलं होतं का), सॉफ्टवेअर कुठलं आणि त्याची आवृत्ती कुठली, असे रकाने. भरायला बसले तर निम्मी शीट प्रश्नचिन्हांची झाली.

एका पेपरात "प्रजातींसाठी योग्य टार्गेट ठरवण्यात आले" एवढ्या वाक्यावर भागवलंय. दुसऱ्यात ते सप्लिमेंटमध्ये आहे म्हणतात, आणि सप्लिमेंटची लिंक उघडत नाही. तिसऱ्यातला नकाशा देखणा आहे, पण गडद हिरवा रंग म्हणजे "उच्च प्राधान्य" यापलीकडे काही कळत नाही. सॉफ्टवेअर शंभर वेळा चालवून आलेल्या शंभर उत्तरांपैकी किती उत्तरांत ती जागा आली म्हणून गडद, की नुसती क्रमवारीत वर म्हणून गडद?

हे अभ्यास कसे लिहावेत याचा काही सर्वमान्य साचा आहे का? माझे गाइड म्हणतात, "आणखी एक फॉर्म कशाला, पद्धत नीट लिहिली की झालं." आणि माझ्या स्वतःच्या पेपरला असा फॉर्म जोडला तर रिव्ह्यूअरला ते आवडेल की तो त्यातूनच खुसपटं काढेल?

तळटीप

आधी एक काम करा, ती प्रश्नचिन्हं तशीच राहू द्या. कुठला रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा राहतो, हाच तुमच्या प्रकरणातला एक निकाल आहे. लेखकांना मेल टाकून जे मिळेल ते वेगळ्या रंगात भरा, म्हणजे छापलेलं कुठलं आणि विचारून मिळवलेलं कुठलं ते दिसेल.

आता गाइडांच्या मुद्द्यावर. "पद्धत नीट लिहिली की झालं" हे बरोबरच आहे. फक्त नीट म्हणजे काय, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. मी बरीच वर्षं हे पेपर तपासतो आहे, आणि मला गंमत वाटते ती अशी की या विषयाचा जन्मच पारदर्शकतेच्या दाव्यातून झाला. त्याआधी राखीव जागा बहुतेक निसर्गसुंदर म्हणून, नाहीतर शेतीच्या उपयोगाच्या नाहीत म्हणून राखल्या जायच्या. 1983 मध्ये कर्कपॅट्रिक यांनी टास्मानियात एकेक जागा निवडत, प्रत्येक निवडीनंतर काय उरलं ते पुन्हा मोजत क्रम लावला. 2000 साली मार्ग्युल्स आणि प्रेसी यांनी 'नेचर'मध्ये सहा टप्प्यांची चौकट मांडली. सगळ्याचा गाभा एकच होता: ध्येय आकड्यात सांगा, पायऱ्या उघड ठेवा, म्हणजे कुणी विचारलं "हीच जागा का?" तर उत्तर दाखवता येईल. आणि आज त्याच विषयातल्या पेपरांत टार्गेट किती होतं ते सापडत नाही!

एक उदाहरण जरा बारकाईने सांगतो, कारण साचा का लागतो ते त्यातून कळतं. मार्क्सान हे जागा निवडून देणारं सॉफ्टवेअर वापरणारे जवळजवळ सगळे बीएलएम लिहितात, म्हणजे निवडलेल्या जागा एकमेकींना चिकटून याव्यात म्हणून हद्दीच्या लांबीवर जो दंड लावतात त्याचा गुणक. "बीएलएम 0.01 घेतला." वाचणाऱ्याला वाटतं, वा, आकडा दिलाय. पण हा आकडा एकटा निरर्थक आहे. समजा एकक म्हणजे एक किलोमीटर बाजूचा चौरस, आणि खर्च म्हणून हेक्टरमधलं क्षेत्रफळ धरलंय, म्हणजे एका चौरसाचा खर्च 100. हद्द मीटरमध्ये मोजली असेल तर एकट्या पडलेल्या चौरसाची हद्द 4000 आणि दंड 40. शंभराच्या खर्चापुढे 40 म्हणजे चांगलाच चटका, सॉफ्टवेअर शेजारच्या जागा शोधायला लागतं. हद्द किलोमीटरमध्ये असेल तर तोच दंड 0.04, म्हणजे असून नसल्यासारखा. दोन्ही पेपरांत "0.01" असंच छापलेलं असणार. एकात जागांचे मोठे सलग पट्टे येतील, दुसऱ्यात शिंतोडे. तुमच्यासारखं कुणीतरी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणार की पहिल्या प्रदेशातले अधिवास जास्त सलग आहेत.

हे लेखकाच्या आळसामुळे होत नाही. त्याला तो आकडा पुरेसा वाटतो, कारण एककं त्याच्या डोक्यात आहेत. फॉर्ममध्ये "हद्दीचं एकक" आणि "खर्चाचं एकक" असे दोन रकाने असते तर दोन मिनिटांत भरले असते.

खर्चाचंही तेच. "कॉस्ट" या एका रकान्याखाली लोक काय काय भरतात: क्षेत्रफळ, जमिनीचा भाव, मासेमारीचं बुडणारं उत्पन्न, मानवी वावराचा निर्देशांक, नाहीतर सरसकट 1. आँडो आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये 'सायन्स'मध्ये अमेरिकेतल्या काउंट्यांवर दाखवलं होतं की कमीत कमी जागा निवडणं आणि कमीत कमी पैशात काम करणं यांतून वेगळ्या निवडी निघतात, आणि एकूण खर्चात मोठी तफावत पडते. मानवी वावराचा निर्देशांक खर्च म्हणून टाकला की सॉफ्टवेअर माणसांपासून लांब पळतं. मग नकाशा दुर्गम डोंगरांकडे सरकतो, आणि ज्यांचा अधिवास शेतांच्या आणि वस्त्यांच्या मधोमध आहे त्या प्रजातींना टार्गेटपुरती किमान जागा मिळते. तो निर्णय घ्यायला माझी हरकत नाही. पण तो निर्णय आहे हे पेपरात दिसलं पाहिजे, "खर्चाचा थर: उपलब्ध माहितीवरून" असं लिहून चालणार नाही.

आता साच्याबद्दल. शेजारच्या विषयांत हे कधीच सुरू झालंय. वैद्यकीय चाचण्यांसाठी कॉन्सॉर्ट 1996 मध्ये आलं. पद्धतशीर आढाव्यांसाठी प्रिझ्मा 2009 मध्ये, त्याची सुधारित आवृत्ती 2020 ची. एजंट-आधारित मॉडेलांसाठी ओडीडी 2006 पासून आहे. आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे प्रजातींच्या वितरणाच्या मॉडेलांसाठीचं ओडीमॅप, 2020 चं: आढावा, माहिती, मॉडेल, मूल्यमापन, भाकीत असे पाच भाग. तुमचे प्रजातींचे थर अशा मॉडेलांतून आले असतील तर ते भरून जोडायला आजही काही हरकत नाही. आणि खास संवर्धन नियोजनासाठी ओडीपीएससीपी नावाचा प्रोटोकॉल आता आहे. 'आर' या प्रोग्रॅमिंग भाषेतलं पॅकेज आहे, ब्राउझरमध्ये फॉर्म उघडतो, भरला की फाइल उतरवून घेता येते. तो एकदा उघडून बघा, तुमच्या शीटचे रकाने त्याच्याशी जुळवून घेतलेत तर पुढच्याचं काम वाचेल.

रिव्ह्यूअरचं म्हणाल तर, खुसपटं काढणारा फॉर्म नसला तरी काढतोच. फॉर्म असला तर निदान खरी खुसपटं काढतो.

सिम्प्लेक्स

तळटीप, बीएलएमचं उदाहरण झकास. पण औषध चुकीचं वाटतं. हे सगळं कोडमध्ये असतंच. प्रायॉरिटायझरमध्ये, म्हणजे 'आर'मधल्या नियोजनाच्या पॅकेजमध्ये, प्रॉब्लेम लिहायचा, स्क्रिप्ट आणि डेटा रिपॉझिटरीत टाकायचा, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) घ्यायचा, संपलं. स्क्रिप्टमध्ये टार्गेट, दंड, लॉक-इन, सॉल्व्हर (उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) सगळं दिसतं. फॉर्म हाताने भरायचा म्हणजे कोडमध्ये एक आणि फॉर्ममध्ये भलतंच अशी नवी भानगड.

शिवाय आता बरेच लोक सिम्युलेटेड अनीलिंग (मार्क्सानची यादृच्छिक शोधाची पद्धत) सोडून इंटिजर प्रोग्रॅमिंगकडे (गणिताने सर्वोत्तम उत्तर काढायच्या पद्धतीकडे) आलेत. तिथे शंभर वेळा चालवून वारंवारता मोजायचा प्रश्नच येत नाही. पाणथळ, तुमच्या निम्म्या रकान्यांचा माझ्या पेपरांशी संबंध नसेल.

तळटीप

कोड टाकाच, त्यावर वाद नाही. पण तुमच्याच पॅकेजचं घ्या. प्रायॉरिटायझरच्या सॉल्व्हरमध्ये 'गॅप'चं डीफॉल्ट 0.1 आहे, म्हणजे सर्वोत्तमापासून दहा टक्क्यांच्या आत आलं की तो थांबू शकतो. स्क्रिप्टमध्ये ते न लिहिता सोडलं की ते स्क्रिप्टमध्ये दिसतच नाही, आणि पेपरात वाक्य येतं "इष्टतम उत्तर मिळवले." दहा टक्के लांबचं उत्तर इष्टतम म्हणून छापून येतं, आणि हे कोड उघडा असूनही होतं. मार्क्सानमध्ये असंच 'मिसलेव्हल' आहे. ते एकपेक्षा कमी ठेवलं तर टार्गेट थोडं अपुरं राहिलं तरी "पूर्ण" म्हणून मोजलं जातं. तक्त्यात "सर्व टार्गेट पूर्ण" असं येतं आणि वाचणारा मान डोलावतो.

दुसरं, आणि माझ्या दृष्टीने मोठं: कोड सांगतो काय केलं, का केलं ते सांगत नाही. स्क्रिप्टमध्ये सगळ्या प्रजातींना 0.3 दिसतंय. हे कुठून आलं? हल्ली बहुतेक वेळा उत्तर येतं "कुनमिंग-मॉन्ट्रियल". आता डिसेंबर 2022 च्या त्या जागतिक जैवविविधता आराखड्यातलं तिसरं लक्ष्य म्हणतं की 2030 पर्यंत जमीन, अंतर्देशीय पाणी आणि सागरी-किनारी क्षेत्रं यांचा किमान 30 टक्के भाग परिणामकारकरीत्या राखला जावा. तो आकडा क्षेत्राचा आहे. प्रत्येक प्रजातीच्या अधिवासाच्या 30 टक्के हे त्यातून आपोआप निघत नाही, ती लेखकाने केलेली वेगळी निवड आहे. एका तळ्यापुरता उरलेला मासा आणि खंडभर पसरलेला बगळा या दोघांनाही 0.3 देणं म्हणजे माशाची 70 टक्के जागा सोडून द्यायला तयार असणं. म्हणून तर 2004 च्या जागतिक गॅप विश्लेषणात (म्हणजे कुठल्या प्रजाती संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर राहिल्यात ते शोधताना; वरच्या सॉल्व्हरच्या 'गॅप'शी याचा संबंध नाही) रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी उतरती पट्टी वापरली होती: 1000 चौरस किलोमीटरपेक्षा लहान अधिवासाला 100 टक्के, अडीच लाखांपेक्षा मोठ्याला 10 टक्के, मधल्यांना त्या प्रमाणात. ती पट्टीही कुणी आंधळेपणाने उचलू नये. पण ती उचलली, बदलली, की बैठकीत हात वर करून ठरवली, हे "टार्गेटचं कारण" या रकान्यात आलं पाहिजे. कोडमध्ये त्याला जागाच नाही.

निम्मे रकाने लागू नसतात हे मात्र शंभर टक्के मान्य. झोनेशन या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीच्या वापरात टार्गेट नसतंच, सगळ्या पेशी (नकाशातले चौकोन) क्रमाने काढत जायचं आणि शेवटपर्यंत उरेल ते सर्वात मोलाचं. त्यांना "टार्गेट किती" विचारणाऱ्या फॉर्मने उलट विचारायला हवं: पेशी काढायचा नियम कुठला, प्रजातींना वजनं किती आणि ती कुणी दिली. म्हणजे फॉर्मला फांद्या हव्यात. एकच लांबलचक यादी सगळ्यांच्या गळ्यात घातली तर लोक "लागू नाही" टाइप करून मोकळे होतील, आणि ते बरोबरच करतील.

फील्डवरून

मी नियोजन करत नाही, झालेल्या नियोजनाचं पुढे काय होतं त्या बाजूला असतो. तुमची चर्चा वाचतोय, सगळं सॉफ्टवेअरच्या आतलं आहे. आमच्या टेबलावर नकाशा येतो तेव्हा बीएलएम कुणी विचारत नाही. विचारतात की हा नकाशा कुणी मागितला होता, कुणाशी बोलून केला, आणि नाही म्हणायचा अधिकार कुणाला आहे.

नाइट आणि सहकाऱ्यांचा 2008 चा पेपर आठवा. छापून आलेल्या मूल्यमापनांपैकी सुमारे दोन तृतीयांशांतून कुठलीच कृती झाली नाही, आणि मुख्य कारण असं की बहुतेक संशोधकांनी अंमलबजावणीचा बेतच केला नव्हता. मग पहिला रकाना हाच ठेवा: हा अभ्यास पद्धत दाखवण्यासाठी आहे की जमिनीवर उतरवण्यासाठी? दोन्ही चालेल, पण खरं सांगा. पद्धतीच्या कसरतीसाठी केलेला नकाशा तीन वर्षांनी कुणीतरी सादरीकरणात "शास्त्रीय प्राधान्यक्षेत्रं" म्हणून लावतो आणि मग आम्ही गावोगाव स्पष्टीकरण देत फिरतो.

दुसरं, नकाशानंतर काय बदललं ते लिहा. ग्रेट बॅरियर रीफचं नाव या विषयातला प्रत्येक जण घेतो. तिथे मार्क्सान वापरलं, 70 जैवप्रदेशांपैकी प्रत्येकाचा किमान 20 टक्के भाग मासेमारीबंद असावा असं तत्त्व ठेवलं, आणि 2004 मध्ये मासेमारीबंद क्षेत्र साडेचार टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर गेलं. पण लोकांकडून दोन फेऱ्यांत 31 हजारांहून जास्त निवेदनं आली होती, आणि हद्दी त्यानंतर हाताने सरकवल्या गेल्या. सॉफ्टवेअरचं उत्तर सुरुवात होती. आता कुणी नुसतं "मार्क्सानने आखलेलं उद्यान" असं नोंदवून ठेवलं तर त्या नोंदीचा काय उपयोग?

तळटीप

फील्डवरून, तुमचा पहिला रकाना मला पहिल्याच पानावर हवा आहे. दुसऱ्याबाबत अडचण अशी की पेपर छापून होतो आणि हद्दी नंतर सरकतात. म्हणून नोंद पेपरच्या बाहेर, आवृत्ती क्रमांकासह राहणारी हवी, जिच्यात दोन वर्षांनी कुणीही भर घालू शकेल. पेपरची पीडीएफ त्या कामाची नाही.

आणि साच्याने सगळं सुटेल असं मी म्हणतोय असा समज नको. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी अराइव्ह नावाची यादी 2010 पासून आहे. ती मागितल्याने फरक पडतो का हे बघायला प्लॉस वन या नियतकालिकाकडे आलेल्या हस्तलिखितांवर चक्क यादृच्छिक चाचणी केली गेली. निम्म्या लेखकांकडून भरलेली यादी मागितली, उरलेल्यांकडून नाही. निकाल 2019 मध्ये आला: दोन्ही गटांत एकही हस्तलिखित पूर्णपणे यादीबरहुकूम नव्हतं आणि गटांत म्हणावा असा फरक नव्हता. पेपर लिहून झाल्यावर, सबमिट बटणाच्या आधी भरायची यादी ही प्राप्तिकराच्या शेवटच्या तारखेसारखी भरली जाते, जे आठवेल ते आणि जे खपेल ते. म्हणून माझा आग्रह वेळेबद्दल जास्त आहे. टार्गेट ज्या दिवशी ठरतं त्या दिवशी ते आणि त्याचं कारण लिहा. बैठक संपल्यावर कुणी काय म्हणालं म्हणून तो थर वगळला, ते त्याच संध्याकाळी. सगळ्यात आधी हरवतं ते वगळलेल्या गोष्टींचं कारण.

सिम्प्लेक्स

ठीक आहे, "का"चा मुद्दा पटला. पण मग फॉर्मचा जेवढा भाग कोडमधून निघू शकतो तेवढा कोडमधूनच निघू दे. गॅप, सॉल्व्हर, आवृत्ती, एककांची संख्या, लॉक-इन. माणसाने फक्त कारणं लिहावीत. हाताने आकडे उतरवायला लावाल तर मी भरणार नाही, आणि भरला तरी त्यावर विश्वास ठेवू नका.

तळटीप

याला माझी सही.

पाणथळ

सगळ्यांचे आभार, गाइडांना हा धागाच पाठवते. दोन अडचणी राहिल्या. एक, माझ्या स्वतःच्या माहितीत काही कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा आहेत. सगळं उघड करा म्हणणाऱ्या साच्यात त्या कशा बसवायच्या? चोरट्यांना आयता पत्ता नको. दोन, शीटमध्ये "नाही" असं भरताना माझी मलाच खात्री नसते. पेपरात लॉक-इनचा उल्लेख नाही, म्हणजे लॉक केलं नव्हतं की लिहिलं नव्हतं?

तळटीप

कासवांचं सोपं आहे. उघडं करायचं ते निर्णयाचं कारण, ठिकाण नव्हे. ठिकाणं मोठ्या जाळीवर गोळा करून द्या, किती मोठ्या ते लिहा, विश्लेषण मूळ बारीक माहितीवर केलं की या जाड्या माहितीवर ते लिहा, आणि मूळ माहिती कुणाकडे आहे व कुठल्या अटीवर मिळते तेही. जाड्या माहितीवर पुन्हा चालवलं तर उत्तर किती हलतं, हे तुम्ही स्वतः तपासून एका ओळीत दिलंत तर फारच छान. एक सांभाळा: निवडलेल्या एककांचा बारीक नकाशा छापलात आणि त्या भागात दुसरी कुठली प्रजातीच नसेल, तर ठिकाण त्यातूनही फुटतं.

दुसऱ्यासाठी तीन वेगळे संकेत ठेवा: "केलं नाही असं लिहिलंय", "काहीच लिहिलेलं नाही", "या पद्धतीला लागू नाही". मध्येच तर्काने भरू नका, नकाशा बघून "लॉक केलं असावं" असं वाटलं तरी. आणि थोडे पेपर दुसऱ्या कुणाकडून, तुमची शीट न दाखवता भरून घ्या. जिथे तुमचं आणि त्यांचं जुळणार नाही, तिथे बहुधा रकान्याचा प्रश्नच नीट विचारलेला नसेल. तो बदला आणि मग पुढचे भरा.

पाणथळ

लॅबमधल्या ज्युनिअरला आजच गाठते. लॉक-इनचा रकाना आत्ताच दोन केले: आधीची संरक्षित क्षेत्रं आत धरली होती का, आणि खाणी-धरणांसारख्या जागा बाहेर काढल्या होत्या का. पहिले काही पेपर पुन्हा उघडले, तर दुसऱ्याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी सापडतंय, पहिल्याचंच नाही.